एकलव्याची उरलेली बोटे

(सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका वनवासी विद्यार्थी वसतिगृहाच्या वार्षिक धनुर्विद्या स्पर्धेच्या निमित्ताने पालक, कार्यकर्ते आणि विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



प्रारंभीच एका गोष्टीबद्दल क्षमा मागतो. मघाशी चौरंगावर मांडलेल्या धनुष्यबाणांचे पूजन झाले. आपण सर्वांनी गुडघे टेकून नमस्कार केला आणि मी मात्र खांबाला टेकून उभ्यानेच हात जोडले. दोन-तीन पालकांच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटलेले मला दिसले. शहरातला माणूस, शिकलेला, त्याला आता वाकायचे जड जाते की काय, असे कुणाला वाटले असल्यास त्यात त्यांचा दोष नाही. जड जाते हे खरेच आहे. कारण मात्र वेगळे. जून २०२४ मध्ये माझ्या डाव्या गुडघ्याची सांधेरोपणाची शस्त्रक्रिया झाली. कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू आणि पॉलिएथिलीन यांचा तो सांधा आज माझे वजन पेलतो आहे. त्याने मला उभे केले, चालते केले. जमिनीवर टेकण्याची परवानगी मात्र माझ्या शल्यविशारदांनी त्याला दिलेली नाही.

आजारपणाच्या कथा सांगणाऱ्या वक्त्याला श्रोते भितात, हे मी पत्रकार म्हणून पुष्कळ सभा ऐकून जाणतो. तेव्हा आज दुखण्याविषयी बोलायचे ते धनुष्याच्या अनुषंगानेच बोलेन. आणि शेवटी एक कबुलीही द्यायची आहे. ती माझ्या गुडघ्याची नाही, दुसऱ्या एका गुडघ्याची आहे.

मी या मैदानावर प्रथम आलो तो बातमी करण्यासाठी. त्याला आता नऊ वर्षे होतील. वनवासी मुलांच्या धनुर्विद्येवर एक लेख लिहायचा, दोन छायाचित्रे घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे, असा बेत होता. त्या दिवशी आबांनी (त्यांना सगळा पाडा आबा म्हणतो, मीही तेच म्हणतो) माझ्या हातात कामठा दिला आणि ओढून पाहा म्हणाले. मला तो अर्धाही ओढता आला नाही. समोर दहा वर्षांची पोरे हसत होती. त्या हसण्याने मला बांधून घेतले. पुढे महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार या मैदानासाठी राखून ठेवण्याचा नेम झाला आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा हा विद्यार्थी तीस पावलांवरून केळीच्या खुंटाला बाण लावू लागला. फार चांगला धनुर्धर झालो असे नाही. परंतु वर्तमानपत्रात आयुष्य घालवलेल्या माणसाला, एखादी गोष्ट लागली की चुकली हे तत्काळ आणि निर्विवाद कळते, याचेच अप्रूप फार असते.

बांबूचा कामठा ज्यांनी हाताळलेला नाही अशा आमच्या शहरी मित्रांसाठी दोन शब्द सांगतो. भिल्लांचे हे धनुष्य भरीव बांबूच्या कांबीचे, आणि त्याची प्रत्यंचाही बांबूचीच, पातळ तासून काढलेल्या पट्टीची. सुताची दोरी नाही, तार नाही. बाजारातून आणावे असे त्यात काही नाही. बाणाच्या टोकाला लोखंडी फाळ लागतो तेवढाच लोहाराचा संबंध. असे साधे दिसणारे शस्त्र घेऊन भिल्ल वीर हळदीघाटीच्या रणात, १५७६ मध्ये, महाराणा प्रतापांच्या बाजूने उभे होते, आणि मेवाडच्या राजचिन्हावर एका बाजूस राजपूत आणि दुसऱ्या बाजूस धनुर्धारी भिल्ल आजही उभा आहे. बिरसा मुंडांचे अनुयायी १९०० च्या जानेवारीत डोंबारीच्या टेकडीवर इंग्रजांच्या बंदुकांसमोर उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हातीही हेच होते. हा इतिहास आपण भाषणांतून पुष्कळ सांगतो. तो कामठा तासायला किती दिवस लागतात, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. मलाही गुडघा जायबंदी होईपर्यंत सांगता येत नव्हते.

सत्तावन्नाव्या वर्षी अस्थिसंधिवाताने डावा गुडघा पार झिजला. उजव्या हाताने प्रत्यंचा ओढणाऱ्याचा डावा पाय लक्ष्याच्या बाजूला, पुढे असतो; म्हणजे नेमका तोच पाय गेला. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी चौकटीच्या काठीला धरून उभे केले. पुढचे दीड महिने माझे सारे जग दोन हालचालींत मावले होते. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो खाली दाबायचा, म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू जागा होतो. आणि टाच अंथरुणावरून घासत मागे आणायची, म्हणजे सांधा वाकतो. नव्वद अंशांपर्यंत गुडघा वाकला त्या दिवशी फिजिओथेरपिस्ट ताईंनी टाळ्या वाजवल्या. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हा मंत्र घरातल्या नातवालाही पाठ झाला होता.

आणि मग निषेधांची यादी आली. उकिडवे बसायचे नाही, मांडी घालायची नाही, गुडघा टेकायचा नाही, पाय रोवून कंबरेत पिळायचे नाही, खडबडीत जमिनीवर आधाराशिवाय चालायचे नाही. मी ती यादी वाचली आणि मला हसू आले; कारण ती माझ्या धनुर्विद्येचीच यादी होती. शेकोटीभोवती उकिडवे बसून आबांचे ऐकायचे, गुडघा टेकून नेम धरायचा, पाय रोवून देह वळवायचा, आणि मग बाण वेचायला ढेकळांतून चालायचे. यांतले एकही उरले नव्हते.

आपल्याकडे धनुर्वेदाचा अभ्यास हातांपासून सुरू होत नाही, पायांपासून होतो. अग्निपुराणात धनुर्वेदाचे जे अध्याय आहेत, २४९ ते २५२, त्यांत धनुष्य हाती घेण्याच्या आधी उभे कसे राहायचे हे येते. समपाद, वैशाख, मंडल, आलीढ, प्रत्यालीढ ही स्थाने सांगताना पुराणकार पावलांतले अंतर वितीने मोजून देतो आणि गुडघा कुठे ताठ, कुठे वाकलेला तेही सांगतो. एक पाय पुढे, एक गुडघा दुमडलेला आणि दुसरा ताठ ते आलीढ; त्याच्या उलट ते प्रत्यालीढ. अमरकोशाने धनुर्धराच्या पाच स्थानांची नोंद केली आहे, आणि रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात इंद्राशी झुंजणाऱ्या रघूचे रूप कालिदासाने आलीढ स्थानातच पाहिले आहे. कला शाखेच्या वर्गात मी ते वाचले होते तेव्हा आलीढ हा शब्द मला शब्दालंकारासारखा वाटला होता. अंथरुणावर पडल्या पडल्या पुन्हा वाचला तेव्हा कळले की ही वैद्यकाइतकी नेमकी गोष्ट आहे, आणि माझा नवा गुडघा यांतल्या निम्म्या स्थानांना आता नकार देणार आहे.

तरीही वाचन चालू ठेवले, आणि वसिष्ठांच्या नावावर असलेल्या धनुर्वेदसंहितेत एक दिलासा सापडला. तिथे आठ स्थाने येतात आणि आठवे आहे पद्मासन. म्हणजे बसून बाण सोडणे हे आजाऱ्याची सोय म्हणून नव्हे, तर शास्त्राचे एक स्थान म्हणून मानलेले आहे. मला मांडी घालायची परवानगी नव्हती हे खरे. पण बसायची होती. पुढे चौकशी करता लक्षात आले की बसून नेम धरण्याची रीत आपल्या देशात जिवंत आहे. मेघालयात शिलाँगला खासी धनुर्धर अर्धवर्तुळात ओळीने बसून गवताच्या दंडगोल लक्ष्यावर शेकडो बाण सोडतात. (त्या बाणांच्या संख्येवर तिथे सरकारमान्य सट्टा चालतो, ही दुःखाची बाब, परंतु सट्ट्यासाठी खासी बंधूंच्या हातातल्या कौशल्याला दोष देण्याचे कारण नाही.)

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस ताईंच्या संमतीने मी मैदानावर आलो. मुलांनी एक उंच, हात नसलेले लाकडी स्टूल आणून ठेवले होते. त्यावर बसलो तरी गुडघा नव्वद अंशांहून अधिक वाकत नव्हता आणि दोन्ही पावले जमिनीला सपाट टेकत होती. पहिले पंधरा दिवस धनुष्य नव्हतेच. सायकलच्या ट्यूबची पट्टी ओढायची आणि हळूच परत सोडायची. उभा धनुर्धर पावलांपासून खांद्यापर्यंत सर्व शरीराने ओढतो, बसलेल्याला पाठ आणि खांदे यांच्यावरच भागवावे लागते. त्यामुळे आधी ज्या कामठ्याची मला खोड होती तो ठेवून मुलींच्या गटातला हलका कामठा घेतला. त्याचीही पंचाईत झाली. कामठा लांब, त्याचे खालचे टोक स्टुलाला आणि मांडीला लागे. मग कडेवर तिरपे बसून, धनुष्य उजवीकडे कलते धरून, वीस पावलांवरून पहिला बाण सोडला. तो लक्ष्याच्या दोन हात अलीकडे जमिनीत गेला. बसल्याने डोळा खाली आला होता आणि माझी सारी जुनी मोजमापे उंच राहिली होती. बाण वेचायला एक चौथीतला मुलगा धावला. परतताना म्हणाला, ‘काका, तुम्ही नवीन आहात का?’ तो या वर्षीच आला होता. त्याच्या दृष्टीने मी नवीनच होतो.

ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये पॅरिसला पॅरालिंपिक स्पर्धा झाल्या. घरी पाय उशीवर ठेवून मी त्या पाहिल्या. किश्तवाडची सतरा वर्षांची शीतल देवी, जिला जन्मतःच हात नाहीत, पायाने धनुष्य धरते, खांद्याच्या साहाय्याने ओढते. तिच्या जोडीला चाकांच्या खुर्चीतले राकेश कुमार. दोघांनी मिश्र सांघिक कांस्यपदकाच्या लढतीत इटलीला १५६ विरुद्ध १५५ असे एका गुणाने हरवले. दोन दिवसांनी कैथलच्या हरविंदर सिंग यांनी सुवर्ण जिंकले. दीड वर्षांचे असताना दिलेल्या इंजेक्शनांच्या परिणामाने त्यांच्या पायांतले बळ गेले होते. एक गोष्ट यानिमित्ताने मुद्दाम सांगतो. २९ जुलै १९४८ रोजी इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सोळा माजी सैनिक स्त्री-पुरुषांची स्पर्धा घेतली, तीतूनच पुढे पॅरालिंपिक चळवळ उभी राहिली, आणि ती पहिली स्पर्धा धनुर्विद्येचीच होती.

डोळ्यांत पाणी आणणारे ते दृश्य होते. मात्र मी त्यातून चुकीचा अर्थ काढला. मला वाटले, ही माणसे शरीरावर मात करतात. मग मी काय एका गुडघ्यावर मात करू शकत नाही? सप्टेंबरच्या शेवटी इथे काही पाहुणे आले होते. त्यांच्यात एक छायाचित्रकार होते. त्यांनी सहज सुचवले की स्टुलावर बसलेले छायाचित्र बरे दिसत नाही. मला तेवढे पुरले. काठी बाजूला ठेवली, आलीढ स्थान घेतले, पाय रोवले आणि माझा जुना कामठा पूर्ण ओढला. बाण खुंटाला लागला. टाळ्याही पडल्या. संध्याकाळी गुडघा भोपळ्याएवढा झाला होता. पुढचे तीन आठवडे पुन्हा काठी, पुन्हा बर्फाच्या पिशव्या, आणि फिजिओथेरपिस्ट ताईंचा अबोला. रागावल्या असत्या तर परवडले असते.

ते छायाचित्र माझ्याकडे आहे. उत्तम आले आहे. मी ते कुठे छापले नाही.

त्या तीन आठवड्यांत मी महाभारताचे आदिपर्व काढून बसलो. एकलव्याची कथा आपण सर्वांनी शेकडो वेळा ऐकली आहे आणि प्रत्येक वेळी ती अंगठा कापल्या क्षणी संपते. त्यावर द्रोणाचार्यांना दोष देणारे देतात, गुरुनिष्ठेचे गोडवे गाणारे गातात. तो वाद फार जुना आहे आणि आज मी तो मिटवायला उभा नाही. माझे म्हणणे एवढेच, की व्यासांनी कथा तिथे संपवलेली नाही. अंगठा दिल्यानंतर एकलव्य उरलेल्या बोटांनी प्रत्यंचा ओढू लागला, मात्र पूर्वीची त्वरा त्याच्यात राहिली नाही, असे व्यास पुढे स्पष्ट नोंदवतात. ते वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिलो. व्यास खोटा दिलासा देत नाहीत. पुढे तो पहिल्याहून श्रेष्ठ धनुर्धर झाला, असे ते म्हणत नाहीत. कमी झाला म्हणतात. आणि तरीही तो ओढत होता, हे सांगायला ते विसरत नाहीत.

अनेक भिल्ल धनुर्धर अंगठा न लावता, तर्जनी आणि मध्यमा यांच्यात बाण धरतात, आणि कारण विचारले तर एकलव्याचे नाव सांगतात. आबांनीही मला तेच सांगितले होते. पत्रकार म्हणून मी मनाशी नोंद केली होती की ऑलिंपिकमधले धनुर्धरही अंगठा न वापरता तीन बोटांनीच ओढतात, तेव्हा हा काही पुरावा म्हणता येत नाही. नोंद बरोबरच आहे. परंतु आजारपणात मला दुसरी बाजू दिसली. ज्या समाजाने आपल्या पूर्वजाच्या वैगुण्यालाच शिकवण्याची पद्धत केली, जखमेला संप्रदाय केले, त्याच्याकडे जखमी माणसाला मैदानावर ठेवून घेण्याची काही रीत असणारच.

ती रीत मला आबांच्या ओसरीवर सापडली. स्टुलावरचे बाण सोडणेही बंद झाले होते, म्हणून त्यांनी मला बाण करायला बसवले. त्यांच्या ओसरीत माझ्यासाठी खुर्ची नव्हती. त्यांनी उखळ पालथे घातले, वर गोधडीची घडी ठेवली. काम असे. वाळवलेली सरळ काडी निवडायची. सरळ म्हणजे डोळ्याला सरळ. हाताला ती वाकडीच असते. निखाऱ्यावर जिथे बाक असेल तिथेच शेकायची, गरम असताना उलट बाजूला दाबायची आणि निवेपर्यंत सोडायची नाही. निवण्याआधी सोडली की ती पुन्हा जुन्या बाकावर जाते. फिजिओथेरपिस्ट ताई गुडघा सरळ करताना मला हेच सांगत. मग मागच्या टोकाला खाच, झडून पडलेली पिसे चिरून दोऱ्याने आवळायची, वर डिंकाचा हात. प्रत्येक बाणाची पिसे एकाच पंखाच्या बाजूची असावी लागतात, हे मला नऊ वर्षे बाण सोडूनही ठाऊक नव्हते. तयार बाण आबा डाव्या हाताच्या नखांवर ठेवून उजव्या हाताने गरकन फिरवतात. तो थरथरला की बाजूला टाकतात. काही बोलत नाहीत.

नवरात्रापासून दिवाळीपर्यंत मी ४१ बाण केले. त्यांतले नऊ आबांनी ठेवून घेतले. आज सकाळी लहान गटातल्या मुलांनी जे बाण सोडले त्यांत लाल दोऱ्याचे नऊ माझे आहेत, हे सांगताना मला जो अभिमान वाटतो तो तीस पावलांवरून खुंट भेदताना कधी वाटला नव्हता.

पण त्याच ओसरीवर मला काळजीही लागली. आबांच्या आठवणीत पाड्यावर बाण करणारे पाच-सहा जण होते. आज ते एकटे आहेत, आणि त्यांचे वय त्यांनाही नक्की ठाऊक नाही. आपण स्पर्धा भरवतो, बक्षिसे देतो. गेल्या दोन वर्षांत दात्यांच्या कृपेने आधुनिक धनुष्येही आली. त्यांबद्दल माझी तक्रार नाही. ज्या मुलाला ७० मीटरवरच्या १२२ सेंटिमीटरच्या लक्ष्यावर देशासाठी उभे राहायचे आहे त्याला ते धनुष्य मिळालेच पाहिजे. आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धांत इंडियन राउंड नावाचा प्रकार आहे, त्यात लाकडी-बांबूच्या धनुष्याने ५० आणि ३० मीटरवर नेम धरतात; त्या वाटेनेही मुले पुढे जातात. पण मैदानावर बाण सोडणारे ऐंशी आणि बाण करणारा एक, हे प्रमाण कुठल्याही परंपरेला फार काळ झेपणारे नाही. आमच्यासारखे सुशिक्षित तर परंपरा म्हणजे शेवटचा क्षण, बाण सुटण्याचा, एवढेच समजतात. छायाचित्र त्याचेच येते ना!

आता ती कबुली.

तीन वर्षांपूर्वी या वसतिगृहात नववीत एक मुलगा होता. त्याचे नाव मी घेणार नाही. त्याच्या पाड्यावरचे पालक इथे बसले आहेत, ते ओळखतील. नेमबाजीत तो सर्वांत पुढे होता. पावसाळ्यात कबड्डी खेळताना त्याचा गुडघा पिरगळला. त्याने ते आठ दिवस लपवले, कारण संघातले नाव जाईल ही भीती. मग पाय टेकवेना तेव्हा उघड झाले. तालुक्याला नेले, पट्टा बांधला, विश्रांती सांगितली. विश्रांती म्हणजे काय, तर तो खोलीत आणि आम्ही सगळे मैदानावर. त्या महिन्यात मी दोनदा इथे आलो. दोन्ही वेळा तो खिडकीत बसलेला मला दिसला. मी हात केला. त्यानेही केला. यापलीकडे मी काही केले नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी गेला तो परत आला नाही. पालकांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेला असे कळले. आम्ही चुकचुकलो आणि म्हणालो, चांगला मुलगा होता.

त्याला कोणी काढले नव्हते. कोणी रागावलेही नव्हते. फक्त त्याला मैदानावर जागा नव्हती. आणि जो बाण सोडत नाही त्याला इथे काय काम, हे आम्ही न बोलता त्याला सांगितले होते. मला त्या खिडकीत बसणे म्हणजे काय असते हे कळायला स्वतःचा गुडघा कापून घ्यावा लागला. मला तर घर होते, पुस्तके होती, मैदानावर स्टूल आणून ठेवणारी मुले होती आणि ओसरीवर बसवून घेणारे आबा होते. त्याला पंधराव्या वर्षी यांतले एकही आम्ही दिले नाही. तो आबांच्या ओसरीपासून तीनशे पावलांवर होता.

कार्यकर्ते मित्रांनो, व्यवस्थापकांशी माझे बोलणे झाले आहे आणि त्यांनी मान्य केलेल्या गोष्टी आपल्यासमोर ठेवतो. या मैदानाच्या रेषेवर आता दोन स्टुले कायम राहतील. दुखापत झालेल्या मुलाचे नाव संघाच्या यादीतून खोडायचे नाही. वैद्यांनी मना केली तर बाण सोडणार नाही, पण सरावाच्या वेळी तो मैदानावर असेल. गुण मोजेल, नोंदवही ठेवेल, बारक्यांची पावले तपासेल. भूतानमध्ये धनुर्विद्या हा १९७१ पासून राष्ट्रीय खेळ आहे. तिथे सुमारे १४५ मीटरवर लक्ष्य असते, आणि लक्ष्यापाशी उभे असलेले सहकारी बाण कुठे पडला हे खुणेने कळवतात, नेम लागला की नाचतात, गातात. नाचणारा तिथे प्रेक्षक नसतो, खेळाडूच असतो. आपल्याकडच्या जायबंदी मुलाने नाचू नये एवढीच दुरुस्ती मी करेन.

आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी सहा-सात मुले आबांच्या ओसरीवर जातील. जखमीच नव्हे, धडधाकटही. आबांना मानधन देण्याचा विषय निघाला तेव्हा त्यांनी नकार दिला होता. मग व्यवस्थापकांनी त्यांच्या घराची कौले बदलून द्यायचे ठरवले, त्याला त्यांनी नकार दिला नाही. पावसाळ्याआधी करा, एवढेच म्हणाले. या कामाला हात आणि पैसा दोन्ही लागतील. शहरातून आलेल्या मंडळींनी जाण्यापूर्वी व्यवस्थापकांना भेटावे.

त्या मुलाचा शोध मी दिवाळीनंतर घेतला. त्याच्या काकांची भेट झाली. ऊसतोडीची टोळी बारडोलीच्या बाजूला आहे, होळीला परतेल, असे ते म्हणाले. गुडघा कसा आहे, असे विचारले. ‘चालतो, पण मोळी उचलताना धरतो,’ असे त्यांनी सांगितले. त्याचा कामठा अजून वसतिगृहाच्या भिंतीला टांगलेला आहे. प्रत्यंचेची पट्टी वाळून तडकली होती. आबांनी गेल्या आठवड्यात नवी काढून बसवली. नव्या पट्टीवर रिकामा कामठा ओढून सोडू नये, बाण लावूनच सोडावा, नाहीतर कांब फुटते, म्हणून त्यांनी कोणाला हात लावू दिलेला नाही. होळीच्या आदल्या आठवड्यात मी त्याच्या पाड्यावर जाणार आहे. रस्ता शेवटी दोन किलोमीटर चढाचा आहे आणि ताईंनी काठी घेऊन जाण्याच्या अटीवर परवानगी दिली आहे. कार्यकर्त्यांपैकी कोणी बरोबर येणार असेल तर सांगावे.

मोठ्या गटाची अंतिम फेरी तीन वाजता आहे. नोंदवही माझ्याकडे आहे, तेव्हा मला आता रेषेवर गेले पाहिजे.